युनिकोडमधले तेलुगू अंक, तीन महिने रोज वापरल्यावर

जुन्या तेलुगू हिशेबवह्या टाईप करायचं काम घेतलंय, त्यामुळे गेले तीन महिने युनिकोडमधले (प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणारी जागतिक पद्धत) हे अंक रोज हाताखाली आहेत, म्हटलं एकदा लिहूनच टाकू. माझ्याकडून ५ पैकी ४.

आधी साधे दहा अंक. कोड ०सी६६ ते ०सी६एफ (हे आकडे सोळाच्या पायावरचे, म्हणून मध्ये सी, एफ अशी अक्षरं), आणि आपल्या देवनागरीचे बघा, ०९६६ ते ०९६एफ. शेवटचं तेच! इस्कीच्या (भारतीय लिप्यांसाठीची युनिकोडच्या आधीची कोड पद्धत) काळापासून भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवल्यात त्याचा हा फायदा, तेलुगू अंकाच्या कोडमधून ७६८ वजा केले की देवनागरी अंक तयार. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला तर तेवढंही करावं लागत नाही, इंटमध्ये (मजकुराचा आकडा करणारी तिची सोय) तेलुगूतला १२३ टाकला तरी तो सरळ एकशे तेवीस धरतो. जावास्क्रिप्टला नाही कळत, तिथे स्वतः बदलून द्यावं लागतं.

आता शून्य. तेलुगूत शून्याला सुन्ना म्हणतात आणि अनुस्वारालाही सुन्नाच, आणि अनुस्वार आपल्यासारखा डोक्यावर नसतो, अक्षराच्या शेजारी गोल म्हणून येतो. दोघांचे कोड वेगळे, ०सी६६ आणि ०सी०२, पण डोळ्याला जवळपास सारखेच. माझ्याकडे दुसऱ्या कुणीतरी टाईप केलेली एक फाईल आली, बेरीज काही केल्या लागेना, दोन दिवस गेले, शेवटी एकेक अक्षराचा कोड काढून बघितला तर सगळ्या दहा-वीसमध्ये एकापुढे आणि दोनापुढे अनुस्वार बसलेला! त्यामुळे आता कुठलीही फाईल आली की अंकापुढचा अनुस्वार आधी शोधतो, तुम्हीही शोधा.

पण मी खरा प्रेमात पडलो ते अपूर्णांकांच्या. ०सी७८ ते ०सी७ई अशी ७ चिन्हं, २००८ मध्ये युनिकोड ५.१ ला आली. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. पावाचा पाव म्हणजे सोळावा भाग, तेलुगूत वीसम, तो आडव्या रेघांनी, एक, दोन, तीन. त्याच्या खाली चौसष्टावा भाग, परत उभ्या. आपल्याकडे पावली, आणा, पैसा अशी उतरण होती ना, अगदी तीच! म्हणजे दोन उभ्या आणि पुढे तीन आडव्या दिसल्या की आठ आणि तीन, अकरा आणे. पहिल्यांदा असं वाचता आलं तेव्हा मी पान तसंच हातात धरून बसलो होतो. ही चिन्हं नसती तर टाईप करताना तिथे दशांश घालावे लागले असते आणि त्या कारकुनाने काय लिहिलं होतं ते कायमचं गेलं असतं.

एक लक्षात ठेवा, युनिकोडच्या लेखी एका उभ्या रेघेची किंमत १ आहे, पाव नाही. पाव की चौसष्टावा हे जागेवरून ठरतं, त्यामुळे बेरजेचा हिशेब आपणच लिहायचा.

एक स्टार कापला तो टायपिंगसाठी. माझ्या कीबोर्डवर ही ७ चिन्हं नाहीतच, दरवेळी चार्ट उघडून कॉपी करावी लागतात, आणि एका वहीत अशी शेकडो असतात.