ड्रायरचा पाइप: फॉइलचा नको, पत्र्याचाच घ्या
सोलापुरातल्या जुन्या माडीच्या घरात कपडे वाळवायचा ड्रायर बसवताना त्याची हवा बाहेर नेणारा घडीचा फॉइल पाइप जमिनीच्या फळ्यांखाली अजिबात टाकू नका. टेरी टॉवेलचे तंतू त्याच्या वळ्यांत अडकतात, हवा कोंडते, आगीचा धोका वाढतो. ४ इंची गुळगुळीत पत्र्याचा पाइप महाग, पण पैसे वसूल. तो तुळयांना समांतर न्या. आडवा न्यावाच लागला, तर तुळईला भोक तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठं नको. म्हणजे ४ इंची पाइपसाठीच किमान १२ इंच उंचीची तुळई लागते! मशीनच्या पुस्तिकेत वेगळं नसेल तर लांबी ३५ फुटांपर्यंत, दर काटकोनी वळणाला ५ फूट वजा. सांध्यांना अ‍ॅल्युमिनियम टेप लावा. स्क्रूचं टोक आत आलं की त्यावर करड्या तंतूंचा गुंता धरतोच. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, जाळी नको.