सोलांगला एटीव्हीच्या नावाखाली ३७,१०० रुपयांना लुबाडलं. मनालीला जाणार असाल तर आधी हे वाचा

३७,१०० रुपये. सोलांग खोऱ्यातल्या एका एटीव्हीवाल्याच्या (एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटेवर चालवायची चार चाकांची बाईक) पायी आमचे एवढे पैसे गेले आणि मशीनवर बसणं झालं जेमतेम अर्धा तास. बायको म्हणते, कशाला जगाला सांगायचं, लोक हसतील. हसू देत. मे महिन्यात आपल्याकडून मनालीला रीघ लागते, आणि आम्ही गप्प बसलो तर उद्या तुमच्यापैकी कुणाचा तरी नंबर लागणार.

बुकिंग घरूनच केलं होतं. देवदारांच्या झाडीतून बर्फाच्या कडेने वर चढणाऱ्या क्वाड बाईक, खाली 'हाय अल्टिट्यूड ट्रेल, दोन तास' असं लिहिलेलं, आणि व्हॉट्सअॅपवर अगदी गोड बोलणारा माणूस. सोलांगजवळच्या अंजनी महादेवाच्या मंदिराच्याही वर नेतो म्हणाला. एका मशीनचे ३,८००, दोन मशीनचे ७,६००. निम्मे आगाऊ ऑनलाइन दिले. बिल मागितलं तर म्हणाला, 'यहाँ आइए, सब मिलेगा.' मिळालं काहीच नाही. आगाऊ पैसे घेऊन स्वतःच्या नावाचं बिल न पाठवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तिथे पोचलो तर टॅक्सीवाल्याने आधी, त्याच्या ठरलेल्या, बर्फात घालायचे ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात नेलं. मनाली ते सोलांग रस्त्यावर नंबर टाकलेली ही दुकानं तुम्ही पाहिली असतील. चौघांचे २५० प्रमाणे १,००० रुपये. पुढे एटीव्हीवाल्याने उरलेले ३,८०० रोख घेतले आणि वर प्रत्येक मशीनमागे ५,००० डिपॉझिट. व्हॉट्सअॅपवर डिपॉझिटचा शब्दही नव्हता. 'वापस मिल जाएगा, टेन्शन मत लो.' दिले १०,०००, तेही रोख. डिपॉझिट रोख द्यायचंच नाही, मग समोरचा काहीही सांगो.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो आणि डोक्यात तिडीक जाते. मी हँडल सरळ धरलं होतं आणि पुढचं डावं चाक आतल्या बाजूला वळलेलं होतं. थोडंसंच, पण स्पष्ट दिसत होतं. वाकून बघितलं तर टाय रॉडवर, म्हणजे हँडलबरोबर चाक वळवणाऱ्या सळईवर, सगळीकडे जुना, वाळलेला चिखल आणि एका जागी मात्र ओला, ताजा थापलेला. इंजिन चालू केल्यावर जळक्या रबराचा वास. मशीन देणाऱ्या पोराला मी विचारलंही. तो म्हणाला, 'साहब, पहाड़ की मशीन ऐसी ही होती है.' मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलो तर, 'टाइम जा रहा है, पीछे लोग खड़े हैं.' मी मोबाइल खिशात टाकला.

तिथेच उतरायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण मागे नऊ वर्षांचा मुलगा बसलेला, दुसऱ्या मशीनवर मेहुणा आणि माझी मुलगी निघालेसुद्धा, पैसे दिलेले, मागच्या लोकांचा आरडाओरडा चाललेला. वीस वर्षं गाडी चालवतोय मी, अडाणी नाही. अशा वेळी घरचा माणूस पोरांकडे बघतो, टाय रॉडकडे नाही. हे लोक नेमकं तेच हेरतात.

बेल्टचं तर मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण पैसे त्याच्याच नावावर उकळतात. या मशीनमध्ये आपल्या स्कूटरसारखा, इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा रबरी बेल्ट असतो. गिअरच्या दांड्यावर एल (लो) आणि एच (हाय) अशा दोन खुणा असतात. चढावर, सावकाश आणि दोन माणसं बसलेली असताना एल हवा. त्या पोराने स्वतःच्या हाताने एच टाकून दिला आणि 'इसको छूना मत' म्हणून बजावलं. सोलांग साडेआठ हजार फुटांच्या आसपास आहे. हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद आधीच कमी. मशीन चढत नाही म्हणून आपण अॅक्सिलरेटर दाबतो, बेल्ट घसरतो, तापतो आणि जळतो. म्हणजे जळायची सोय त्यांनीच करून ठेवलेली. चढाला लागण्याआधी दांडा कुठे आहे ते बघा.

वरचा ट्रेल 'आज बंद' होता. ओढ्याच्या गोट्यांतून एक फेरी मारली आणि परत. उतरायच्या आत चौघे जण माझ्या मशीनभोवती जमले. बेल्ट ९,०००, टाय रॉड ७,०००, आणि दुरुस्ती होईपर्यंत मशीन उभं राहणार त्याचे १८,०००. एकूण ३४,०००. डिपॉझिट वजा करून २४,००० आणा म्हणाले. दुसऱ्या मशीनला ओरखडाही नव्हता, तरी त्याचंही डिपॉझिट त्यातच जिरवलं. मी आवाज चढवला तर एकाने टॅक्सीची किल्ली काढून घेतली. टॅक्सीवाला बाजूला उभं राहून 'दे दो साहब, बच्चे साथ में हैं' म्हणत होता. मुलगी रडायला लागली. शेवटी १८,५०० वर तुटलं. दोन वेगळ्या क्यूआरवर, १०,००० आणि ८,५००, आणि दोन्हीकडे नावं तिसऱ्याच माणसांची.

आणि मग सुरू झाली टोलवाटोलवी. खालच्या चौकीत गेलो. 'आपस का मामला है, आपने पैसे अपनी मर्ज़ी से दिए हैं.' किल्ली काढून घेतली, चौघांनी घेरलं, हे सांगितलं तर विचारतात, मशीनचा नंबर काय? एटीव्हीला नंबर प्लेट नव्हती. रस्त्यावरचं वाहन नसल्याने बहुतेकांना ती नसतेच, हे त्या साहेबांना माहीत नसेल? पर्यटन कार्यालयात गेलो तर म्हणे ऑपरेटरचा नोंदणी क्रमांक आणा. नोंदणी तपासणं हे काम माझं की त्यांचं? तिथे साहसी खेळांच्या ऑपरेटरला नोंदणी लागते, मग बिननोंदणीचा माणूस भररस्त्यात बोर्ड लावून बसतो कसा? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. घरी येऊन आमच्या पोलीस ठाण्यात गेलो तर 'गुन्हा तिकडचा, तिकडे जा.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. कागद पुढे ठेवला तर हवालदाराने तो वाचलाही नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोच मिळेपर्यंत मी बाकावरून हललो नाही.

एक गोष्ट मात्र कामाची कळली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मनालीला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आधी काही विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता तुम्हालाच द्यावा लागतो, आणि माझं घोडं तिथेच अडलंय. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी बोर्डाचा, माणसाचा आणि मशीनच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा फोटो काढा. फोटो काढू देत नसेल तर बसू नका, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी. माझे ३,८०० च बुडाले असते. सोलांगला यंदा ज्यांच्याकडून अशीच बेल्टची भरपाई घेतली गेली आहे, त्यांनी क्यूआरचा स्क्रीनशॉट पुसू नका आणि मला कळवा. नावं जुळली तर तक्रार एकत्र करता येईल.