कारखाना दारात आला तर: स्पार्टनबर्ग आणि माउंट प्लेझंट

अमेरिकेत स्थायिक होऊन तिथे मत देणाऱ्या मराठी मंडळींपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) परदेशी कंपनी कारखाना काढणार, त्यासाठी करसवलत मागणार. मग पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा? माझं मत ठरलं ते दोन गावांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवल्यावर.

पहिलं गाव दक्षिण कॅरोलायनातलं स्पार्टनबर्ग. कापड गिरण्यांचा हा पट्टा होता आणि त्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. गिरणगाव पाहिलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 1992 मध्ये बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीने इथे कारखान्याची घोषणा केली, 1994 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. राज्याने जमीन नाममात्र भाड्याने दिली. सुरुवातीला सुमारे 2,000 नोकऱ्यांचा शब्द होता. आज तिथे 11,000 च्या वर माणसं काम करतात. सुटे भाग पुरवणारे कारखाने आजूबाजूला उभे राहिले, बऱ्याच गाड्या चार्ल्सटन बंदरातून परदेशी जातात.

हे आपोआप घडलं नाही. गिरण्यांना यंत्रं विकणाऱ्या जर्मन कंपन्या 1960 च्या दशकापासूनच तिथे होत्या, शेजारच्या ग्रीनव्हिलला मिशेलिन टायर बनवत होती आणि राज्याची तंत्र महाविद्यालयं कंपनीला हवे तसे कामगार घडवून देत होती. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही महाविद्यालयं. कंपनी उद्या निघून गेली तरी शिकलेला माणूस मागे राहतो.

दुसरं गाव विस्कॉन्सिनमधलं माउंट प्लेझंट. 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने टीव्ही पडद्यांच्या कारखान्यासाठी 10 अब्ज डॉलर आणि 13,000 नोकऱ्या जाहीर केल्या, राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. 2018 मध्ये भूमिपूजनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आले. मोठ्या टीव्ही पडद्यांचा तो कारखाना ठरल्याप्रमाणे उभा राहिलाच नाही. 2021 च्या नव्या करारात नोकऱ्या 1,454 वर आणि सवलत 8 कोटी डॉलरवर आली. (फॉक्सकॉनने 2015 मध्ये महाराष्ट्राशीही 5 अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. तोही कागदावरच राहिला.)

मग विस्कॉन्सिनचे 3 अब्ज बुडाले का? नाही. सवलत नोकऱ्या आणि गुंतवणूक झाल्यावरच मिळणार होती. 2018 चं भरतीचं किमान लक्ष्य चुकलं, म्हणून त्या वर्षी कंपनीला काहीच मिळालं नाही. भार पडला तो गावावर. जमीन, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या यांचा खर्च आधीच होऊन गेला होता. नांदता परिसर कायद्याच्या भाषेत 'दुरवस्थेतला' ठरवला गेला आणि घरमालकांवर घर सोडायची वेळ आली. ती घरं पुन्हा उभी राहणार नाहीत, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लागतं. गावाने एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली होती: काही बांधलं नाही तरी 1.4 अब्ज डॉलरच्या मालमत्तेइतका कर कंपनीने भरायचा, अशी हमी लिहून घेतली होती.

स्पार्टनबर्गचंही सगळं गोड नाही. कारखान्यात कामगार संघटना नाही, नफा कंपनीच्या मुख्यालयाकडे, जर्मनीतल्या म्युनिकला जातो. शिवाय दक्षिणेत वाढलेल्या नोकऱ्यांमागे मिशिगन-ओहायोत गेलेल्या नोकऱ्याही आहेत. परदेशी कारखान्यांच्या स्पर्धेत डेट्रॉइटच्या (मिशिगनमधल्या) अमेरिकी मोटार कंपन्यांचा बाजारातला वाटा घटला. गावाला झालेला सगळा फायदा म्हणजे देशाचा फायदा नव्हे.

तरीही निवड करायची तर मी स्पार्टनबर्गसारख्या प्रस्तावाला हात वर करेन, मात्र काही गोष्टी तपासून. जवळ त्या धंद्याचे पुरवठादार आणि शिकवणारी संस्था आहे का? कंपनीने असाच माल दुसरीकडे आधी बनवून दाखवलाय का? आणि करसवलतीसारखाच रस्त्या-पाण्याचा खर्चही टप्प्याटप्प्याने, काम झालं तेवढाच होणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात लेखी नसेल, तर 13,000 चा आकडा ऐकूनही मी विरोधात मत देईन.