फायरफॉक्स रिले: नाणेवेड्यांनी वापरून बघावं असं

जुन्या नाण्यांच्या अदलाबदलीत जो तो आधी ईमेल मागतो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची 'रिले' ही सेवा 'मोझमेल'चा (mozmail.com) एक मुखवटा पत्ता देते; त्यावरचे मेल आपल्या खऱ्या इनबॉक्सात येतात. फुकटात ५ मिळतात. मी दर गटाला किंवा विक्रेत्याला वेगळा दिलाय.

परवा मेल आला, 'तुमचं नाण्याचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ४९ रुपये भरा.' अहो, शिवराई नाणं साताऱ्याहून येणार, वाटेत कस्टम कुठलं? ज्या पत्त्यावर आला तो एकाच विक्रेत्याला दिला होता. गळती सापडली. त्या पत्त्याचं बटण बंद केलं, कटकट मिटली.

जीमेलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह (+) आणि एखादा शब्द लावूनही भागतं म्हणतात. पण तेवढा तुकडा खोडला की खरा पत्ता उघडाच!

मोठी खोट एकच: मुखवट्यातून उत्तर द्यायचं तर पैसे मोजावे लागतात. घासाघीस करणाऱ्यांना हे जाचणारच. शिवाय १० एमबीपेक्षा जड फोटो येत नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूंचे चांगले स्कॅन मागवताना पंचाईत. मोझिलाला आपला खरा पत्ता कळतोच. मला ते चालतं.