उद्यमनगरातील बिनपाटीचे गॅरेज आणि गाडीतून नाहीसे होणारे कूलंट

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या नऊ वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकमधील कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी होऊ लागले होते. दर पाचशे किलोमीटरला साधारण पाव लिटर जात असे. पण गाडी उभी राहते त्या फरशीवर थेंब दिसत नव्हता आणि तापमानाचा काटाही कधी मधल्या रेषेच्या वर गेला नव्हता. आईला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी मिरजेला न्यावे लागते आणि गावाहून परतताना वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला यावे लागते, त्यामुळे वाटेत इंजिन तापले तर काय, ही काळजी प्रत्येक प्रवासात सोबत असे. सहा महिन्यांत गाडी दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणी कूलंटची बाटली भरून परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट साका दाखवून हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सील-पट्टी) गेल्याचे पाच मिनिटांत सांगितले आणि हेड उतरवण्यासाठी बावीस हजारांचा अंदाज दिला.

त्यानंतर एका नातेवाइकांनी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातील या गॅरेजमध्ये पाठवले. दारावर पाटी नाही, आत जेमतेम तीन गाड्या मावतात, आणि मिस्त्री व त्यांचा पुतण्या असे दोघेच काम करतात. माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, आधी पाणी कुठं जातंय ते बघू, मग पाना लावू.” पुढचे तीन आठवडे ते या वाक्याला जागले, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

त्यांनी सुरुवात प्रश्नांनी केली. पातळी मी गाडी थंड असताना पाहतो की फिरून आल्यावर, गाडीत गोडसर वास येतो का, समोरची काच आतून चिकट होते का, डाव्या पायाखालचे कार्पेट ओले लागते का, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पांढरा धूर किती वेळ राहतो, घाटातून आल्यावर घट जास्त दिसते का. यातील प्रत्येक प्रश्नामागे एकेक शक्यता होती. गोड वास, चिकट काच आणि ओले कार्पेट ही हीटरच्या जाळीतील गळतीची चिन्हे आहेत. एसीचे पाणीही कधी कधी आत उतरते, पण ते साधे असते आणि बोटांना चिकटत नाही. माझ्याकडे फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते.

मग थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट झाली. रेडिएटरचे झाकण काढून तेथे हातपंप बसवला आणि झाकणावर जो १.१ आकडा छापलेला असतो, तेवढा म्हणजे सुमारे १.१ बार दाब भरला. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही. गाडी निर्दोष ठरवून परत द्यायला एवढे पुरेसे होते, पण त्यांनी त्याच पंपावर माझे झाकण तपासले आणि ते ०.६ वरच सुटत असल्याचे मला काट्यावर दाखवले. हा फरक लहान नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातील पाणी येथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनातील द्रव त्याहून बराच वर टिकतो तो कूलंटमधील ग्लायकॉल या घटकामुळे आणि मुख्यतः झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. स्प्रिंग ढिली झाली की चढावर द्रव लवकर उसळतो, बाटलीत जातो आणि बाटली भरली की तिच्या नळीवाटे रस्त्यावर सांडतो. घरी येईपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही.

हेड गॅस्केटची शंका त्यांनी हेड न उतरवता तपासली. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी ठेवून, इंजिन चालू असताना आतील हवा रबरी फुग्याने निळ्या द्रवातून ओढून घेतली. जळालेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो; दोनदा करूनही तो निळाच राहिला. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या साक्याविषयी त्यांचे म्हणणे असे की, पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतील दमट हवेचे पाणी तेथे साचते. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑइल मात्र स्वच्छ होते. ज्या खुणेवरून बावीस हजारांचे काम ठरले होते, ती खूण अशी तपासून बाजूला ठेवली गेली, याचे मला फार मोल वाटते.

रेडिएटरला नवे झाकण बसवून, बाटलीवर मार्करने रेघ मारून त्यांनी मला दहा दिवस रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पातळीचे छायाचित्र घ्यायला सांगितले. घट निम्म्याहून कमी झाली, पण थांबली नाही. काम झाले असे येथे सहज म्हणता आले असते. त्यांनी कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून आणखी आठवडाभर गाडी चालवायला लावली आणि मग अंधारात जांभळा दिवा व लहान आरसा घेऊन इंजिनाची खालची बाजू पाहिली. कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र असते. आतील सील झिजले तर द्रव बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते, आणि म्हणून ते कधीही बुजवायचे नसते. त्या छिद्राखाली हिरवट चमकणारा ओघळ आणि गुलाबी पापुद्रा स्पष्ट दिसत होता. पंप फिरत असतानाच सील पाझरत होते, म्हणून थंड इंजिनावर दाब टिकला. आणि थेंब गरम लोखंडावर पडून तेथेच सुकत असल्याने फरशी कोरडी राहिली. सहा महिन्यांचे कोडे मला त्या आरशात पाहताना उलगडले.

पंप बदलताना जुना द्रव मोजला, तेव्हा त्यात ग्लायकॉल जेमतेम चौथा हिस्सा उरले होते. मी दर वेळी घरातले बोअरचे पाणी ओतत होतो. ही चूक माझी होती: अशा पाण्यातील क्षार आत थर धरतात आणि पातळ झालेल्या कूलंटमधील गंजरोधक घटक पुरे पडत नाहीत. बाजारात मिळणारी गळती बंद करणारी पावडर टाकावी का, असे मी विचारले, तेव्हा ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते, असे सांगून त्यांनी स्पष्ट नकार दिला. काढलेला द्रव गटारात न सोडता त्यांनी कॅनमध्ये भरून ठेवला. हा द्रव गोड लागतो आणि विषारी असतो, आणि गल्लीत कुत्री फिरतात. पंचगंगेकाठच्या गावात याची जाण असलेला माणूस भेटला, याचा आनंद वेगळाच होता.

तपासणीचे अकराशे रुपये आणि झाकण, पंप, नवे कूलंट व मजुरी मिळून पाच हजार चारशे, असे हिशेब त्यांनी वेगवेगळे लिहून दिले. केवळ शोधण्याचे पैसे कशाला, असे काहींना वाटेल. मला ते सर्वांत योग्य खर्च झालेले पैसे वाटतात, कारण तपासणीचा मोबदला वेगळा मिळत असल्यामुळेच त्यांना काहीतरी उघडून दाखवण्याची घाई नव्हती.

उणिवा आहेत. काम चालू असताना फोन उचलला जात नाही, बसायला जागा नाही, बिल हातानेच लिहिलेले मिळते आणि पंप बसवण्यासाठी ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस जास्त लागले. ज्यांना गाडी सकाळी देऊन संध्याकाळी हवी असते, त्यांना हे गॅरेज जमणार नाही.

पंप बदलल्यापासून गाडी दोन हजार चारशे किलोमीटर चालली आहे, त्यात एकदा करूळ घाटही चढली, आणि पातळी मार्करच्या रेघेवरच आहे. कोणी जाणार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवावी, कारण पहिली तपासणी इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय ते करत नाहीत. आणि त्याआधी आठवडाभर बाटलीत काहीही न ओतता, पातळी किमान रेघेखाली जात नाही ना हे पाहत, रोज सकाळची नोंद ठेवावी. मिस्त्री पहिल्यांदा तीच मागतात.