चलन भरायच्या आधी फोटो उघडून पाहणारं सेवा केंद्र

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळं तिथे होतं. ही कामं तालुक्यात आणखीही ठिकाणी होतात. मी लिहितेय ते गाडीच्या चलनाबद्दल, कारण त्या बाबतीत या केंद्राचा मला आलेला अनुभव खेड्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला कळला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमची स्प्लेंडर माझ्या नावावर आहे. बचत गटाच्या कर्जातून घेतली. चालवतात घरचे; सकाळी दुधाचे कॅन संकलन केंद्रावर, मग वावरात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत डबे पोचवायला. मागच्या बाजूला दोन्हीकडून लोखंडी आकडे वेल्डिंग करून घेतलेत, त्याला कॅन अडकतात. ही गाडी यवतमाळच्या पुढे कधी गेलेली नाही. तरी माझ्या मोबाइलवर मेसेज आला की पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात तिने नो पार्किंगमध्ये उभं राहून नियम मोडला, दंड ५०० रुपये.

घरात सगळ्यांचं एकच मत: भरून टाका. दीर म्हणाला, "वहिनी, पाचशेसाठी कोण तितलोक जाईन? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." मलाही ते पटलं होतं. पैसे घेऊन मी केंद्रावर गेले ते भरायलाच.

तिथल्या मुलाने पैसे हातात घेतले नाहीत. आधी मेसेज पाहिला. मग त्यातल्या लिंकला हात न लावता सरकारी ई-चलनाचं पान स्वतः उघडलं आणि गाडीचा नंबर मागितला, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे मागितले. म्हणाला, "ताई, मेसेजमधून कधीच जाऊ नोका. आजकाल चलनाच्या नावानं फाइल येते, दाबली का खातं साफ." त्याने काउंटरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडू नका, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. आमच्या गावात निम्म्या लोकांना हा नंबर माहीत नाही. हे एवढं लिहून ठेवलंय यासाठीसुद्धा मी या केंद्राला मानते.

चलन खरं निघालं. सरकारी पानावर माझ्या गाडीच्या नावे दंड दिसत होता. पण तिथे चलनाबरोबर फोटोही असतो, आणि तो उघडून पाहायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तो उघडला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि फोटो मोठा करत गेला. दुकानाच्या निळ्या ताडपत्रीखाली एक पांढरी स्कूटर उभी. पायदानावर भाजीची पिशवी. नंबर प्लेटवर चिखलाचा शिंतोडा, आणि शेवटून दुसरा आकडा ३ आहे की ८ ते पहिल्या नजरेत कळत नव्हतं. नीट पाहिलं तर ३. आमचा ८.

"हे गाडी तुमची नोयच," तो म्हणाला. "मंग पैसे कायचे भरता?"

ते ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढाच रागही आला. त्या शहरातल्या कोणीतरी एक आकडा चुकीचा टाकला आणि दोनशे कोसांवरच्या बाईने तिचं काम सोडून तालुक्याला यायचं. दुधाचे पाचशे रुपये किती दिवसांत सुटतात हे ज्याच्या घरी जनावर आहे त्यालाच माहीत.

मग त्याने मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मोटार वाहन कायद्यात कलम २०० आहे, तडजोडीचं. दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण तिथेच मिटलं. आपण भरला म्हणजे आपण मान्य केलं. आणि साध्या गुन्ह्यांच्या दंडाचं कलम १७७ पहिल्या वेळेला ५०० पर्यंत म्हणतं, पुढच्या वेळेला १५०० पर्यंत. आधी हे आकडे १०० आणि ३०० होते, २०१९ च्या दुरुस्तीत वाढले आणि आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. म्हणजे दुसऱ्याच्या स्कूटरचा दंड आज आपण मुकाट भरला, तर उद्या आपली खरी चूक झाली तेव्हा ती दुसरी धरली जाऊ शकते. ‘पाचशेच तर आहेत’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

तक्रार करायला वेगळी फी नाही. ई-चलनाच्या पानावर आणि महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीचा भाग आहे. चलन नंबर, गाडी नंबर, मोबाइल, तक्रारीचं कारण आणि कागद जोडायचे. मी दूध संकलनाची त्या दिवशीची पावती सोबत नेली होती, तारीख-वेळ छापलेली. मला वाटलं हाच मोठा पुरावा. त्याने ती बाजूला ठेवली. म्हणाला, पावतीने दूध गावात होतं हे ठरतं, गाडी कुठे होती ते ठरत नाही. खरा पुरावा त्यांच्याच फोटोत आहे. आपल्याला फक्त आपली गाडी शेजारी ठेवायची आहे. मग त्याने दुकानाबाहेर येऊन आमच्या गाडीचे फोटो काढले. पुढून, मागून नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा, आणि बाजूने, कॅनचे लोखंडी आकडे दिसतील असा. आरसी स्कॅन केली.

मजकूर मी सांगायला लागले तर कर्जापासून दुधापर्यंत सगळं आलं. त्याने ऐकून घेतलं आणि लिहिलं एवढंच: "चलनातील फोटोमध्ये पांढरी स्कूटर आहे. माझे वाहन काळी मोटारसायकल आहे. फोटोतील नंबर व माझ्या वाहनाचा नंबर यात एका अंकाचा फरक आहे. आरसी व वाहनाचे फोटो जोडले आहेत. चलन रद्द करावे." एकही शब्द जास्त नाही. जो साहेब हे वाचेल त्याच्यासमोर अशा ढीगभर तक्रारी असतील, त्याला दोन फोटो शेजारी दिसले की काम होतं. हे लिहिण्याचं कसब मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे अर्ज म्हटला की ‘उपरोक्त विषयान्वये’ पासून सुरू होतो आणि मुद्दा मागच्या पानावर जातो.

तक्रारीचा नंबर त्याने कागदावर छापून दिला. वाट पाहावी लागली, मधे एकदा परत जाऊन विचारलंही. शेवटी त्याने पुन्हा नंबर टाकला तेव्हा माझ्या गाडीवर एकही चलन शिल्लक नव्हतं. त्याने घेतले तीस रुपये, ते स्कॅन आणि प्रिंटचे.

आता कोणी म्हणेल, हा सगळ्यांनाच तक्रार करायला लावत असेल. तसं नाही. माझ्यासमोर एक सोयाबीनवाले भाऊ आले होते, जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेसमोर गाडी लावलेली. फोटोत त्यांची गाडी, नंबर आणि मागे नो पार्किंगचा फलक, तिन्ही स्पष्ट. त्याने सरळ सांगितलं, भाऊ, हे तुमचंच आहे, भरा. दुसऱ्या एकाचा फलक वाढदिवसाच्या फ्लेक्समागे झाकलेला होता. त्याला म्हणाला, फ्लेक्स निघायच्या आधी आजच जाऊन जागेचा फोटो काढून आणा, दोन्ही बाजूंनी. मला हे अगदी योग्य वाटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे वाहतुकीचे फलक लावायचे ते लोकांना दिसावेत म्हणूनच. फलकच दिसत नसेल तर खेड्यातून आलेल्या माणसाने काय ओळखायचं? पण नुसतं ‘दिसला नाही’ म्हणून चालत नाही, फोटो लागतो.

तक्रार फेटाळली तर पुढे काय, हेही मी विचारून घेतलं. चलन कोर्टात जाऊ शकतं. आपल्या विदर्भातच, काटोलला, ३१ ऑक्टोबर २०२० ला राज्याचं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट याच कामासाठी सुरू झालं. तिथे गुन्हा कबूल करून ऑनलाइन दंड भरता येतो, किंवा मला लढायचं आहे असं नोंदवता येतं. मग प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. लोकअदालतीची नोटीस आली की लोक खूश होतात, दंड कमी होईल म्हणून. ज्याची चूक आहे त्याच्यासाठी ते ठीक. पण लोकअदालत म्हणजे तडजोड, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. आपली गाडीच नसेल तर तडजोड कशाची करायची? आधी तक्रारच करा. आणि बायांनी एक लक्षात ठेवा: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते.

केंद्राबद्दल दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत आणि त्या मी तोंडावर सांगितल्या आहेत. एक, दरपत्रक लावलेलं नाही. हा मुलगा प्रामाणिक आहे, पण त्याच्या जागी दुसरा बसला तर म्हाताऱ्या माणसाने किती द्यायचे? दुसरी जास्त गंभीर. लोकांच्या आधारच्या खराब निघालेल्या प्रती काउंटरखाली उघड्या खोक्यात पडून असतात. एपीकेपासून सावध करणाऱ्या माणसाने हे आधी बंद करायला हवं. फाडून टाकतो म्हणाला. गेल्या खेपेला खोकं तिथेच होतं, अर्धं भरलेलं.

तरीही पाचपैकी साडेचार. जाताना आरसी न्या, मेसेज आलेला मोबाइल न्या आणि शक्य असेल तर गाडीच न्या. बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी गर्दीत फोटो निवांत पाहून होत नाही. सकाळी अकराच्या आत गेलेलं बरं, दुपारनंतर सर्व्हर हळू चालतो.