टेलर के-२००६ टेस्ट किट: पूलमधलं चिवट पिवळं शेवाळ घालवायचं असेल तर आधी हे घ्या

घरच्या पूलमधलं शेवाळ हटत नसेल, तर अल्गीसाइडचा पुढचा कॅन आणण्याआधी टेलर कंपनीचं के-२००६ हे टेस्ट किट घ्या. आमचा अलिबागजवळ नागावला वाडीत होमस्टे आहे. दिवाळीनंतर पूलमध्ये ठाण मांडून बसलेलं पिवळं शेवाळ गेलं ते या किटच्या जिवावर. किटमध्ये शेवाळ मारणारं औषध थेंबभरही नाही. पाण्यात काय आणि किती आहे, एवढंच ते सांगतं. पण ते कळल्याशिवाय ओतलेलं प्रत्येक औषध म्हणजे अंदाजपंचे कारभार, हे माझं ठाम मत झालं आहे.

आधी शेवाळाबद्दल, कारण बरेच जण याला माती समजतात. पूल हिरवागार होतो तो प्रकार वेगळा, तो लगेच कळतो आणि तुलनेने लवकर जातो. पिवळं शेवाळ बसतं तेव्हा वरून पाणी स्वच्छ दिसत असतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे आमच्या पूलच्या दक्षिणेच्या भिंतीला आतून ऊन लागत नाही. वर पोफळींची सावलीही तिथेच. नेमकं त्याच भिंतीवर हळदीची पूड भुरभुरल्यासारखा थर दिसायचा. ब्रश लावला की तो लगेच उडायचा, पाण्यात पिवळसर धुरळा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच जागी. माती असती तर तळाशी बसली असती. उभ्या भिंतीवर, तेही सावलीतच धरतं, ते शेवाळ. काळे ठिपके असतील, बोटाने निघत नसतील आणि टाइल्सच्या सांध्यात रुतलेले असतील, तर ते काळं शेवाळ. त्याला तारेचा ब्रश लागतो आणि त्याची झुंज याहून मोठी असते.

पूलच्या देखभालीचा आमचा वार्षिक करार होता. त्यांचा माणूस यायचा, दोन बाटल्यांच्या, क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणाऱ्या किटने पाणी बघायचा, ‘क्लोरीन आहे’ म्हणायचा आणि अल्गीसाइड ओतून जायचा. पाहुणे पाण्यात उतरले की फेस यायचा. मग त्याने मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकलं. तांब्यामुळे शेवाळ थोडं दबतं हे खरं, पण तांबं पाण्यातून उडून जात नाही. आमच्या काचेच्या मोझेक टाइल्समधला पांढऱ्या सिमेंटचा सांधा निळसर हिरवा पडला आणि तो डाग अजून आहे. मोरचूद घालणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, घरच्या पूलमध्ये ते घालू नका. डाग पडतात, पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांना हिरवी छटा येते आणि शेवाळाचं मूळ कारण आहे तिथेच राहतं.

ते कारण या किटच्या एका साध्या चाचणीत दिसलं. पूलचं पाणी आणि किटमधलं चाचणीचं औषध सारख्या प्रमाणात मिसळायचं. मिश्रण दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते थोडं थोडं ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. हा सायन्युरिक ॲसिडचा आकडा. आमचा ठिपका १०० च्या पहिल्याच खुणेआधी गडप झाला, म्हणजे आकडा नळीच्या मापापलीकडचा. तेव्हा पूलच्या पाण्यात तेवढंच विहिरीचं पाणी मिसळून पुन्हा बघितलं, ८० आले. दुप्पट केले की १६०.

हे ॲसिड कुठून येतं? पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात (फ्लोटरमध्ये) ठेवायच्या टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्यांतून. त्या वाईट नाहीत. सायन्युरिक ॲसिड उन्हापासून क्लोरीन वाचवतं. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात बहुतेक क्लोरीन दोन तासांत उडून जातं. पण गोळीतलं क्लोरीन वापरलं जातं आणि ॲसिड मागे साठत राहतं. या गोळ्यांतून पाण्यात १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीन गेलं की सोबत साधारण ६ पीपीएम हे ॲसिड जातं. आमचा पूल ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लिटर. त्यात २०० ग्रॅमची एक गोळी विरघळली की ॲसिड जवळजवळ पावणेतीन पीपीएम वाढतं. पाहुण्यांच्या हंगामात किती गोळ्या जातात ते तुम्हीच मोजा. ॲसिड जितकं जास्त तितका क्लोरीनचा जोर कमी. शेवाळ धरू नये म्हणून मोकळं, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन या ॲसिडच्या साडेसात टक्के तरी हवं, आणि धरलेलं शेवाळ मारायला चाळीस टक्के. १६० ला चाळीस टक्के म्हणजे ६४ पीपीएम! आमच्या पाण्यात होते २. करारवाल्या माणसाचं ‘क्लोरीन आहे’ खोटं नव्हतं, पण शेवाळाला त्याने काही होत नव्हतं.

सायन्युरिक ॲसिड कमी करायचा भरवशाचा उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं काढलं, विहिरीतून भरलं, ८० झाले. पुन्हा निम्मं, ४० झाले. सगळं एकदम उपसायचं नाही, विशेषतः आमच्या किनारपट्टीवर. जमिनीत पाणी वर असताना रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, तळ तडकतो. पावसाळ्यात तर ही भानगड करूच नका.

आता किटची खरी करामत. शेवाळ मारायच्या दिवसांत क्लोरीन इतकं जास्त ठेवायचं असतं की साधी किट्स तिथे हात टेकतात. पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांचं किट मोकळं क्लोरीन आणि बांधलेलं, म्हणजे घाम-घाणीशी जोडलं जाऊन निकामी झालेलं, क्लोरीन वेगळं सांगत नाही. गुलाबी रंग पट्टीशी जुळवायच्या किटमध्ये क्लोरीन फार असेल तर रंगच उडतो, पाणी नितळ राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे. के-२००६ मध्ये रंग जुळवायचा नाही, थेंब मोजायचे. १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, पावडरचे दोन चमचे टाकायचे, पाणी गडद गुलाबी होतं. मग आर-०८७१ च्या बाटलीतून एकेक थेंब टाकत नळी गोल फिरवायची. गुलाबी फिकट होत होत एका थेंबाला पाणी अचानक स्वच्छ होतं. जितके थेंब, त्याच्या निम्मे पीपीएम. ४० ॲसिडला आम्हाला १६ पीपीएम हवे होते, म्हणजे ३२ थेंब. वाडी बघणाऱ्या काकांना मी मराठीत कार्ड लिहून दिलं, आणि ‘वहिनी, सव्वीसच झाले, अजून ओतायला लागेल’ असं तेच मला सांगू लागले. चष्म्याशिवाय रंगपट्टी न जुळणाऱ्या माणसालाही हे जमतं, ही या किटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

पीएच मात्र क्लोरीन चढवण्याआधी ७.२ ला आणून ठेवा. क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचच्या चाचणीवर विसंबता येत नाही.

क्लोरीन वाढवायला आम्ही गोळ्या बंद करून पातळ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप क्लोरीन) वापरला. ४०,००० लिटरला १० टक्क्यांचा ४ लिटर टाकला की १० पीपीएम वाढायला हवेत. आमचे वाढले ६. कॅनवर १० टक्के छापलेलं असलं तरी उन्हात पडून हायपोचा जोर जातो. किटमुळे ते अर्ध्या तासात कळलं आणि त्या हिशेबाने जास्त ओतता आलं. ओतायचा तो संध्याकाळी, पंप चालू ठेवून, पाणी जिथून आत येतं त्या तोंडापाशी. टीसीसीए, ब्लीचिंगचे दाणे आणि पीएच उतरवायचं ॲसिड यांचं माप एकच ठेवू नका, शेजारी शेजारी साठवूही नका. ती एकत्र आली तर आग लागू शकते, विषारी वायू सुटतो.

ब्रश मात्र रोज मारायचाच, त्याला किट पर्याय नाही. पिवळं शेवाळ लपून बसतं. शिडीच्या पायऱ्यांच्या खालची बाजू, ओव्हरफ्लोची जाळी, मुलांच्या ट्यूब, खुद्द ब्रशचे केस. मेन स्विच बंद करून पाण्यातला दिवा त्याच्या खोबणीतून बाहेर काढला, तर मागे बोटभर पिवळा चिकट थर! भिंत वर्षभर घासली असती तरी तिथून ते परत आलंच असतं. वाळूच्या फिल्टरचा दाबाचा काटा स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. या काळात पाहुण्यांना पूल बंद ठेवला.

शेवाळ संपलं हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं, उजाडायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्री ऊन नाही, तेव्हा जे क्लोरीन कमी झालं ते पाण्यातल्या जिवंत गोष्टींनी खाल्लं. १ पीपीएमच्या आत घट, बांधलेलं क्लोरीन अर्धा पीपीएम किंवा कमी आणि पाणी नितळ, हे तिन्ही जमलं की झालं. पिवळ्या शेवाळासाठी त्यानंतर एक पूर्ण दिवस ॲसिडच्या साठ टक्के, म्हणजे आमच्यासाठी २४ पीपीएम ठेवायचं. तेही ठेवलं. त्या भिंतीवर आता सावली पडते, पण थर धरत नाही.

किटच्या मर्यादाही सांगते. साध्या किटच्या कितीतरी पट महाग आहे आणि ऑनलाइन मागवावं लागतं. माहितीपुस्तिका इंग्रजीत. सायन्युरिक ॲसिडच्या एका चाचणीला औषध बरंच लागतं, त्यामुळे ती बाटली लवकर संपते. ती चाचणी महिन्यातून एकदा पुरे. नळी फिरवत थेंब टाकायला सुरुवातीला हात अवघडतो. त्यासाठी चुंबकावर फिरणारं यंत्र वेगळं मिळतं, पण घरच्या वापराला त्याची गरज नाही. पेटी पंपरूममध्ये ठेवू नका, तिथल्या ॲसिडच्या वाफेने औषधं बिघडतात. आमची घरातल्या फडताळात असते. पावडरच्या बाटलीत ओला चमचा गेला तर गठ्ठे होतात, आमच्या दमट हवेत याला फार जपावं लागतं.

पाचपैकी साडेचार. घेणार असाल तर आर-०८७१ आणि पावडर यांची एकेक जादा बाटली सोबतच मागवा. शेवाळाशी झुंज चालू असताना दिवसातून दोन-तीनदा मोजावं लागतं आणि याच दोन बाटल्या आधी संपतात. मे महिन्याच्या सुट्ट्यांत पूल पाहुण्यांनी भरलेला असेल तर एप्रिल लागतानाच मागवलेल्या बऱ्या, कारण आमच्याकडे गावात त्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.